चार फूट तीन इंच

पुराच्या रेघेवर दोनदा रंग दिला.
दोन्ही वेळी ती वर आली,
चहाच्या कपाला आतून बसते तशी.
मग नदीकडची खिडकी मीच बुजवली,
वर पांढऱ्या टाइल्स. पुसायला बऱ्या.

कांचन त्यानंतर नीट झोपली नाही.
नळ ठिबकला तरी उठायची,
पलंगाखाली हात घालून फरशी चाचपायची.
मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी दिली, अर्धी, मग एक,
आणि चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं,
घरात उजेड कुठून येतो?
मला पटकन सांगता येईना.
ट्यूब, म्हणालो.

मग मगदूमांची स्नेहल आली, टेप घेऊन.
मला वाटलं, कुंड्या सांगेल, भिंतीला पानापानांचा कागद,
कोपऱ्यात बटणावर चालणारा धबधबा,
इचलकरंजीच्या साडूनं बसवलाय तसला.
तिनं आधी चप्पल काढली.
अनवाणी सगळ्या खोल्या फिरली. म्हणाली,
काका, या घरात पायाला काहीच कळत नाही.

पाणी पुन्हा येणार, हे धरूनच काढू.
रेघेच्या खाली दगड, चुना, शहाबादी.
लाकूड काय ते रेघेच्या वर.
रेघ पुसायची नाही.
मागचा पत्रा उतरवून आभाळाला एक चौकोन द्यायचा,
त्याखाली माती.
नुसती माती?
आधी माती, म्हणाली. पुढचं ती बघेल.
(मी मनात पत्र्याचे पैसे मोजत होतो.)

अडलं ते खिडकीशी.
कांचन भिंतीला पाठ लावून उभी.
खिडकी करा. नदी नको.
स्नेहलनं वाद घातला नाही.
तिला पलंगावर बसवलं,
डोळ्यांपासून भिंतीपर्यंत दोरी ताणली
आणि राजेसाब मिस्त्रीला खूण करायला लावली:
चार फूट तीन इंच.
एवढ्यावर कठडा आला तर बसल्या जागी
हरिपूर रस्त्याच्या चिंचेचा शेंडा दिसेल, मागं आभाळ.
पाणी नाही.
आणि उभी राहिले तर?
ते तुमच्या हातात, काकू.

आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी म्हणाली, तांबट ऐकलास?
सकाळपासून एकच भांडं ठोकतोय मेला.
मी ऐकला नव्हता.
तिच्या आवाजातला 'मेला' ऐकला,
तो फार दिवसांनी.

मृगात मागच्या चौकोनात हळद फुटली.
कुणी लावली नव्हती.
राजेसाबनं माती आणली ती काठावरची, गाळाची.
वरच्या कुठल्या मळ्यातनं कोंब वाहत आला असणार.
हाच गाळ आम्ही घमेल्यानं उपसून
शिव्या देत रस्त्यावर टाकला होता,
सव्वीस घमेली, कांचननं मोजलेली.
ती पान चुरगळून वास घेत बसली बराच वेळ.

गोळी आहे अजून. अर्धी.

दिवाळीनंतर तिनंच राजेसाबला फोन केला.
विटांचा एक थर उतरवायचाय. चार इंच.
संक्रांतीच्या आदल्या दिवशी आणखी एक.
आता बसल्या जागी चिंचेचा बुंधा दिसतो,
पलीकडच्या काठाचा ऊस, त्यावरनं जाणारे बगळे.
नदी अजून एक थर खाली आहे.

राजेसाब हत्यारं आवरायला लागला
तर कठड्यावरची धूळ पदरानं झाडत म्हणाली,
छन्नी राहू दे इथंच.