एक मिनिट अकरा सेकंद

रऊफमामू कायमचा दाभोळला गेला तेव्हा
वादी कबीरच्या खोलीत दोन वस्तू राहिल्या:
भाताचं टोप
आणि रबरबँड लावलेली एक हार्ड डिस्क.
"नीट लाव रे सगळं," विमानतळावर म्हणाला,
जसा काही मी त्याच्या कपाटासमोर उभा आहे.

चौतीस वर्षं मत्रहच्या धक्क्यावर क्रेन चालवली त्यानं.
नंबर पुसलेला कंटेनर उचलायचा नाही,
खालून साहेब ओरडला तरी.
आणि स्वतःच्या नऊ हजार चारशे बारा फायली:
'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०१', 'नवीन ०१', 'ट्रॅक ०१ खरा'.
कलाकार: अनोळखी.
वर्ष: शून्य शून्य शून्य शून्य.

जुलैतला शुक्रवार. बाहेरचे डोंगर इतके कोरडे
की नुसतं बघून घसा खवखवतो.
मी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.
ते प्रत्येक गाण्याचा अंगठा घेतं,
लेबर कार्डाच्या खिडकीवर घेतात तसा,
आणि दूरच्या कुठल्या यादीत ताडून पाहतं
हा कोण, कुठला, कोणत्या साली आला.

एकाच गायिकेची तीन स्पेलिंगं,
म्हणजे त्याच्या लेखी तीन बाया.
मला नवल नाही. पासपोर्टवर मामू एक, बँकेत दुसरा,
दवाखान्याच्या कार्डावर तिसराच कुणी मिस्टर सरगुरोह.
तिन्ही बाया निवडल्या, 'एकत्र करा' दाबलं.
मामूचं असं कुणी केलं नाही.

प्रकारांच्या यादीत ऐंशी प्रकार.
पोल्का आहे. कव्वाली नाही.
सूरच्या खलाशांची गाणी, रेडिओवरून धरलेली,
'इतर'मध्ये टाकली.
नात, सनई, कुणाच्या तरी वरातीचा बँड, तोही 'इतर'.
दुपारपर्यंत 'इतर' हेच सगळ्यात मोठं गाव झालं.

फाईल सहा हजार दोनशे सात.
ओळखलं, म्हणालं, नव्व्याण्णव टक्के.
चित्रपट, साल, संगीतकार, सगळे रकाने हिरवे.
फक्त एक: तुमची प्रत सदोष.
एक मिनिट अकरा सेकंदांनंतर जुळत नाही.
पूर्ण प्रत उपलब्ध आहे. बदलू का?

हे गाणं मला माहीत होतं.
भांडी घासताना मामू म्हणायचा,
अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मध्येच थांबायचा,
नळ बंद करायचा.
मला वाटायचं पुढचे शब्द येत नसतील.

हेडफोन लावला.
एक मिनिट दहा.
खट.
मग एक बाई, खाकरून:
"येतोय का आवाज? लाल दिवा लागलाय, म्हणजे येत असेल.
हिकडे सगळी बरी आहेत. कौलं चढवून झाली.
हाशमला सातशे दिले, पावती नाही घेतली, तो कुठं पळतोय.
बेबी अब्बा म्हणते, पण कोंबड्याला.
तुमचं गाणं पुसलं. रागावू नका.
दुसरी कॅसेट नव्हती घरात
आणि युनूस उद्याच निघतोय."
मग बराच वेळ काहीच नाही,
टेपची घरघर, खाडीत लांब एक होडीचं इंजिन,
ती अजून तिथंच बसलेली.
परत खट. गाण्याचं शेवटचं कडवं,
मध्ये काही झालंच नाही अशा थाटात.

कलाकार: खैरून्निसा सरगुरोह.
वर्षाच्या रकान्यात चारच आकडे मावतात,
बेबीच्या वयावरून हिशोब केला: १९८७.
प्रकार आपला आपण जोडता येतो
हे मला तेव्हा कळलं.
लिहिलं: पत्र.

संध्याकाळी फोन.
"लागलं का रे?"
"सहा हजार दोनशे सातपर्यंत."
थोडा थांबला. "त्यातलं एक अर्धं आहे बघ. पूर्ण कुठं मिळालं तर…"
मागून मामी: "जेवला का विचारा त्याला."
"मिळालं," मी म्हटलं,
"पण डिस्कमध्ये जागा नाही, मामू."
तो हसला, की लाईन खरखरली,
कळलं नाही.