दहिवर

हिरवळीवर दहिवर असताना चालू नये.
फाटकावरची पाटी मीच रंगवलेली,
अक्षरं जरा तिरकी.
क्लबातल्यांना वाटतं, म्हातारा माळी खडूस आहे.
असेनही.
पण गवताच्या पात्यात पाणी असतं
आणि अशा पहाटे त्याची काच झालेली असते.
वर बूट पडला की आतल्या आत फुटते.
तेव्हा काही दिसत नाही.
चार दिवसांनी दिसतं.

यंदा बर्फ उशिरा आला.
बर्फ बरा, खरं सांगतो,
त्याच्याखाली गवत गोधडीत शिरल्यासारखं पडून राहतं.
वाईट ती उघडी थंडी:
चांदणं, वारा नाही,
शेडची काच आतून घामेजलेली.

तशा एका रात्रीनंतर, मंगळवारी,
काळपट ठिपके उमटू लागले.
मी आधी म्हटलं, बुरशी.
गुडघे टेकून वास घेतला. बुरशी नव्हती.
पावलं होती.
फाटकापासून निघालेली, माझ्या शेडकडे,
उजवं नीट,
डावं बाहेरच्या अंगाला फाकलेलं, टाच घासत नेलेली.
टॉर्किलचा डावा पाय
वडिलांच्या ट्रॅक्टरखालून निघाला तेव्हापासून असाच.

अकरा वर्षं आम्ही भाऊ बोललो नाही.
कारण एक मेंढा,
आणि मग मेंढ्याशी संबंध नसलेलं बरंच काही.

दारापासून सात पावलांवर तो थांबला होता.
किती वेळ, ते गवतच सांगत होतं:
तिथं पावलं नव्हती, नुसता डाग,
थाळीएवढा.
आत मी होतो, दिवा होता,
रेडिओ सांगत होता, पर्थशायरात उणे सहा.
मग पावलं परत.

कमिटीच्या मिसेस डॅलग्लीश म्हणाल्या,
पोरांचे उद्योग, दुसरं काय.
मी म्हटलं, हो, पोरांचेच.

मार्चअखेर एकेक पाऊल भरून काढलं.
काट्यानं माती सैल केली, वाळू घातली, चिमटीनं बी.
डाव्याला बी जास्त लागलं.
थाळीएवढ्या डागापाशी आलो
आणि पिशवीत बी शिल्लक असताना
उठलो, हात झटकले.

एप्रिलात सामने सुरू होतील.
तिथून जाताना चेंडू बोटभर वळेल,
लोक मला बोलतील.
वळू दे.

पाटी उतरवून शेडमध्ये ठेवली आहे,
नवा रंग द्यायचा म्हणून.
अजून दिलेला नाही.