सतरा नंबरचा पाना

चापोलीच्या फाट्याला डांबर संपतं.
"थांबवा हितंच," भरमाण्णा म्हणाला
आणि पाठीवर सरपटत गेला जीपखाली.
बाहेर राहिल्या नुसत्या चपला,
एकीचा अंगठा तारेनं बांधलेला.

"दोन चाकांस्नी धरून ठेवतोय ह्यो स्वे-बार.
रस्त्यावर बराय, वळणाला गाडी झुकू देत नाही.
खरं खडकात एकानं पाय उचलला
की दुसऱ्यालाबी ओढतोय वर."

जांभ्याची धूळ दातांत.
गंजका नट एकदाच किंचाळला.
आतून आवाज: "आयतु. सुटला."

(भरमाण्णा बायकोशी कानडीत भांडतो,
गाडीशी मराठीत.
नटाशी दोन्हीत.)

ओढ्यात डावं चाक दगडावर चढलं,
उजवं उतरत गेलं
खाली, आणखी खाली,
आणि तळाच्या गोट्यावर टेकलं.
मधे मी,
जवळजवळ सरळ.

परतताना डांबर दिसलं तसा
तो पुन्हा खाली शिरला.
"इसरू नका हां. सुटं ठिऊन
घाटाच्या वळणाला गेलासा तर..."
पुढचं पान्याच्या खडखडाटात गेलं.

बाहेर आला तेव्हा तळहातावर
एक वॉशर उरला होता.
भरमाण्णानं तो उलटासुलटा बघितला
आणि खिशात टाकला.