जिभेला हाड

जिभेला हाड नसतं, म्हणतात.
मी सोमवारी सकाळपासून पाच घातली:
मुळाशी एक जाडजूड,
मग उतरत्या भाजणीने चार.

डंडी, तिसरा मजला, जानेवारी.
पावणेचारला टे नदीवरचा पूल दिसेनासा झाला
आणि पडद्यावर ॲग्नेस उभी, दोन्ही हात आडवे पसरून,
वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी.
तागाच्या गिरणीतली विणकरीण, वय बासष्ट,
वरचे दात जरा पुढे.
जबडा उघडला की जीभ त्याच्याबरोबर खाली गेली पाहिजे,
पण सगळीच्या सगळी नव्हे.

हा हिशेब कातडीचा.
प्रत्येक बिंदूने कोणत्या हाडाचं किती ऐकायचं:
पांढरं म्हणजे पूर्ण, काळं म्हणजे मुळीच नाही,
आणि सगळ्यांची बेरीज एक. एकच.
इकडे पाव जास्त दिला की तिकडचा पाव गेला.
मघाशी तिचा हात वर केला
तर कानाची पाळी लांबत गेली मनगटामागे;
दोन शतांश कान
चुकून करंगळीच्या नावावर राहिला होता.
सातबारा दुरुस्त करावा तसा तो परत केला.

जिभेसाठी मात्र आरसा लागतो.
कीबोर्डला टेकवून ठेवते आणि तोंड वासून बसते.
फर्गस जाता जाता म्हणतो, डेंटिस्टकडे जा बाई.
त्यानेच मला 'लॉख' शिकवला.
क नव्हे, ख नव्हे, घशाच्या मागून खरवडून काढलेला.
त्यासाठी दुसरं हाड अठरा अंश वर.
माझं आडनाव तो पिंगले म्हणतो,
पगाराच्या स्लिपसारखं.

शेंड्याचं पाचवं हाड मी मागे वळवून पाहिलं.
साठ अंश. पंचाहत्तर.
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
कातडी कुठेही चुरगळली नाही.
"इतकं मागे कशाला?" फर्गस म्हणाला,
"कुठल्या शब्दाला लागणार तिला?"
मर्यादा घालायचा चौकोन समोरच होता,
चाळीसवर थांबवता आलं असतं.
मी चहा करायला उठले.

मागांच्या खणखणाटात बायका नुसत्या ओठांवर बोलायच्या,
असं इथली म्हातारी माणसं सांगतात.
म्हणून सतराव्या शॉटला आवाज फक्त मागांचा.
ॲग्नेस शेजारणीला काहीतरी म्हणते.
पटकथेत एवढंच आहे, 'काहीतरी'.
चार सेकंद.
"काय म्हणू दे?" फर्गसने विचारलं.
मी त्याच्या फोनसमोर तोंड धरलं,
सावकाश, दोनदा.

शुक्रवारी शॉट आला.
तागाचा भुगा उडतोय, धोटा पळतोय,
ॲग्नेस मान वळवते:
डोळ्यात धूळ गेली.

पहिला ळ फर्गसचा जरा उशिरा पडलाय.
दुसरा बरोबर.