तीनशे एक्केचाळीस

सांगलीच्या मार्केट यार्डात सात नंबरचं गोदाम.
तीन बाजूंना छतापर्यंत हळदीची पोती,
चौथी भिंत उघडी, तिथला माल सकाळीच ट्रकमध्ये चढला.
आदगोंडा मास्तर म्हणाले, अशीच पाहिजे होती.
पोती आवाज पिऊन टाकतात,
भिंत काही ठेवून घेत नाही.

पिशवीतून त्यांनी नादकाटा काढला,
लाकडी खोक्यावर बसवलेला, बुडाशी कोरलेलं: ३४१.
ज्युनियर कॉलेजची सायन्सची तुकडी बंद पडली
तेव्हा भंगारात निघालेला.
किलोच्या भावानं घेतला म्हणाले.
रबरी हातोडी कुठं गेली ठाऊक नाही.
उजव्या पायातली चप्पल काढून तिनंच ठोकला.

"रायाप्पा, तू मोज. तुझं कामच मोजायचं."

उभे होते तोवर नुसता एक सूर,
ताणलेल्या सुतळीसारखा.
मग खोकं छातीशी धरून,
तापलेलं लेकरू दवाखान्यात न्यावं तसं,
ते भिंतीकडे चालू लागले.
मी शेजारून.
आणि सूर हलला.
भरला, ओसरला. भरला,
ओसरला.

चालत्या माणसाचा सूर भिंतीला किंचित चढा लागतो.
ती तो तसाच परत धाडते.
आपण सामोरे जातो, म्हणून आणखी थोडा चढतो.
जाणारा नि येणारा एकमेकांना खेटून,
पण पावलं काही जुळत नाहीत.
"विस्पंद," मास्तर म्हणाले.
अकरावीत पाठ केलेला शब्द
मी अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकला.

"त्या साली प्रयोग झालाच न्हवता.
पुढं भिंत, मागं भिंत, खिडकीबाहेर गुऱ्हाळाचं इंजिन.
आकडे मी फळ्यावर लिहून दिले, पुस्तकातले.
तुम्ही जर्नलात उतरवले.
मी सह्या केल्या."

मी काही बोललो नाही.
काटा थिरावायच्या आधीच
मीही कितीदा वजन लिहिलंय.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना कागद दिलाय,
कानाचा आलेख, उजवीकडे उतरत गेलेला.
चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली.
नातीचं निम्मं बोलणं गेलं.
हा एवढा अजून ऐकू येतो.

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन्ही स्पीकर फुल्ल,
आणि यार्डाच्या फाटकासमोर
गाणं एकदम खालच्या सुरात घसरून पुढे गेलं.
"फुकटचा प्रयोग," मास्तर म्हणाले.

पुन्हा चप्पल. या खेपेला उलटे,
तोंड भिंतीकडे, पावलं मागं मागं.
मी घड्याळावर मोजलं: तेवढेच.
चुकलं असेल म्हणून परत मोजलं.
"चुकलं न्हाई. माणूस जवळ येतोय का लांब जातोय
हे विस्पंद सांगत न्हाईत.
कोणतरी हलतंय, एवढंच."

फरशीवरच्या पिवळ्या धुळीत ठसे,
एक चपलेचा, एक अनवाणी,
एक चपलेचा, एक अनवाणी,
भिंतीपर्यंत जाऊन माघारी आलेले.

वहीत एक्केचाळीस नि बेचाळीस नंबरच्या लॉटमध्ये
मी जागा करून लिहिलं:
भिंत, सेकंदाला दोन.
खाली मास्तरांची सही घेतली.

संध्याकाळी शेठनी चष्मा कपाळावर सारला.
हा कुठला माल रे,
आणि तूट किती धरायची?