डबा

डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला
आणि नऊ वर्षांच्या जुईच्या ताटातून
पोळी उठून गेली.
तिच्यामागून शेवया, बिस्किटं, रव्याचा लाडू.
हिंगसुद्धा. हो, डबीतल्या हिंगातही गहू असतो,
हे मला चाळिशीत कळलं.

घर घासून काढलं.
पोळपाट-लाटणं सुमनबाईंना दिलं.
कणकेचा डबा तीनदा धुतला,
तरी कडीच्या सांध्यात पांढरं काही राहिलंच.
मग तोही गेला.

आता रविवारी केक.
ज्वारीचं पीठ, मूठभर राजगिऱ्याचं,
आणि सगळं धरून ठेवायला इसबगोल,
जो आजवर या घरात
फक्त सासऱ्यांच्या पोटापुरता होता.
पहिला केक पेव्हर ब्लॉक झाला,
टिळकनगरच्या कुठल्याही फुटपाथला चालला असता.
दुसरा मधोमध बसला, रुसून.
तिसरा खाऊन जुई म्हणाली,
"वाळूच आहे, पण गोड आहे."

क्रॉफर्ड मार्केटात सुक्या मेव्याच्या दुकानात
क्रॅनबेरी दिसल्या.
"करवंदाची परदेशातली मावसबहीण,"
दुकानदार म्हणाला, आणि भाव असा सांगितला
की मावसबहीण विमानाचं भाडं आमच्याकडूनच घेणार.
घेतल्या. पाव किलो.

रात्रभर संत्र्याच्या रसात.
सकाळी टम्म, चकचकीत.
जुईने वाटीतल्या मोजल्या : एक्केचाळीस.
मी अंघोळ करून आले तेव्हा तेवीस.
मीही एक उचलली.
आधी गोड,
मग जबड्याच्या पार मागे कुठेतरी
एक बारीक आंबट चिमटा
आणि एक डोळा आपोआप मिटतो.
ओट्याशी उभ्या आम्ही दोघी
एकमेकींना डोळा मारत.

त्या दिवशी केक फुगला.
भेगेतून एक लाल दाणा बाहेर डोकावत होता,
कोण आलंय ते बघायला आल्यासारखा.
शाळेतल्या वाढदिवसांना "मला भूक नाही" म्हणणारी मुलगी
तिसरा तुकडा मागत होती.

राहिली शिवपूजनची गिरणी.
चौदा वर्षं दळण त्याच्याकडे.
बारीक, पण फार नाही, हे सांगावं लागत नसे.
आता ज्वारीसुद्धा तिथे नेता येत नाही,
त्याच जात्यातून सगळ्या कॉलनीचा गहू जातो.
मी पलीकडच्या फुटपाथने जायचे,
उधारी थकल्यासारखी.

परवा त्याने हाक मारलीच.
"ताई, गहू कुठून दळता आता?"
पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळीवर पीठ.
पट्ट्याच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं.
ओरडून सांगितलेला आजार
बहाण्यासारखा वाटतो.
त्याने मोटर बंद केली.
"आता सांगा."

म्हणून आज स्टीलच्या डब्यात दोन तुकडे.
त्याने हात बनियनला पुसले,
बनियन काही हातांपेक्षा कमी पांढरं नव्हतं.
खाल्ला. मधेच थांबला.
"करौंदा?"
तसंच काहीसं, म्हटलं.
त्याचाही एक डोळा मिटला.

मग रिकामा डबा त्याने पुढे केला.
झाकणावर पाच पांढरी बोटं.
मी हात पुढे केला, पण पुरता नाही.
त्याने बोटांकडे पाहिलं,
हात मागे घेतला.
"नको ताई. बच्ची आहे घरात."

मागच्या फळीवर कॉलनीचे डबे रांगेत,
प्रत्येकावर खडूने नाव.
तिथे सरकवून त्याने तो ठेवला.
एवढासा डबा, त्यात दळायला काहीच नाही.
मोटर परत सुरू केली.

बिल्डिंगच्या खालच्या नळावर
मी ओढणी झटकली,
कोपरापर्यंत हात धुतले,
नखं बघितली, पुन्हा धुतले.
मगच वर जाऊन बेल वाजवली.