केसालाही धक्का

एजंट आमच्या पडवीत बसून बाबांना म्हणाला होता,
‘निर्धास्त राहा. तिकडे तुमच्या पोरीच्या
केसालाही धक्का लागणार नाही.’
सहा वर्षं झाली. खरंच नाही लागला.

आता मीच लावते आहे.
साडेनऊ दिनारांचं यंत्र, सेलमधलं.
बत्तीस चिमटे गोल फिरतात.
मुहर्रकच्या या खोलीतला जुना एसी
याहून मोठ्यानं घरघरतो,
पण एसी चावत नाही.

पहिल्यांदा लावलं ते थेट नडगीवर,
कोरड्या खरखरीत पायावर, वरच्या गतीवर, घाईत.
किंचाळले नाही,
भिंतीपलीकडे रात्रपाळीच्या मुली झोपलेल्या.
ओठ चावला, बटण बंद केलं,
आणि एक अर्धा पाय गुळगुळीत घेऊन
सलवारीत आठवडाभर हिंडले.
कुणाला कळणार?

रोवेनाला कळलं.
ती म्हणाली, वेडे, आधी कोमट पाण्यानं अंघोळ.
इथं जूनमध्ये गीझर लागत नाही,
गच्चीवरची टाकीच दिवसभर पाणी तापवते.
जाड पंचानं पाय घास, मेलेली कातडी निघू दे.
मग पूस, अगदी कोरडा कर,
ओलसर राहिला तर चिमटे नुसते घसरतात.
केस तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे हवेत,
वाढलेत फार, कापून घे.
हळू गतीवर सुरू कर. दाबू नकोस, टेकव.
केस खाली झुकलेत ना, तू वर जा.
आणि पाळी जवळ आली असेल तर राहू दे,
त्या दिवसांत फुंकरसुद्धा दुखते.

शेवटी म्हणाली, कातडी ताणून धर.
मला हसू आलं.
रोज सत्तर दंडांवर हेच तर करते मी,
अंगठ्यानं कातडी खाली ओढते, शीर वर येते,
‘श्वै श्वै,’ म्हणते, ‘मुंगी चावेल, बस.’
बाह्यांआडून म्हाताऱ्या हसतात.
श्यामल त्यांच्या जिभेवर बसत नाही,
शमाल म्हणतात मला,
म्हणजे उत्तरेकडून येतो तो धुळीचा वारा.
आज वाऱ्याच्या हातात सुई आहे, म्हणतात,
आणि तोंड फिरवून दंड पुढे करतात.

दुसऱ्याची कातडी ताणायला दोन हात पुरतात.
आपलीच पोटरी मागून ताणायची तर
तिसरा लागतो.
तो रोवेनानं दिला,
टीव्हीवरची मालिका न सोडता.

श्वास सोडताना यंत्र पुढे.
घेताना थांब.
घोट्याच्या हाडाशी पुन्हा थांब.
दुखतंच.
जरासुद्धा दुखणार नाही असं कुणी सांगितलं
तर तो एजंट समजावा.
पण पहिल्या वेळी दुखलं तसं नाही.
पहिल्या वेळी मी एकटी होते, आणि घाईत.

नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ,
फ्रिजमधली कोरफड,
सैल पायजमा.
पायभर लाल ठिपके,
कुणी नकाशावर गावं मांडावीत तसे.

हे बुधवारी रात्री.
समुद्र शुक्रवारी.
मध्ये एक दिवस हवाच, रोवेना म्हणाली,
रंध्रं उघडी असतात, मीठ झोंबतं.
चारी बाजूंनी पाणी असलेल्या या बेटावर
सहा वर्षांत मी घोट्यापर्यंतही भिजले नव्हते.
भिजायला बंदी नव्हती. वेळ नव्हता,
आणि पाय दाखवायचा धीर नव्हता,
खरं तर दुसरंच जास्त.

शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत,
आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या.
पाणी अंघोळीसारखंच कोमट, स्वच्छ, तळ दिसणारं.
मी वाकून, मान मुरडून पाय पाहिले,
कुणाचे तरी नवे असावेत तसे.

उजव्या गुडघ्यामागे एक बोटभर पट्टा
राहूनच गेला होता.
रोवेना म्हणाली, आज रात्री करू.
मी म्हटलं, बघू.
पाण्याखाली ते चार केस
एकदा इकडे, एकदा तिकडे
हळूच हलत होते.